झेंडावंदनाच्या सुट्टीत काठमांडू : नागपूरहून दोन मुलांसह तीन दिवस, कामाच्या नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

दिवाळीची भांडी माळ्यावर गेली आणि मुलांनी परदेशाचा विषय पुन्हा काढला. २६ जानेवारी शुक्रवारी येत असल्याने सलग तीन दिवस मिळतात आणि पतींना त्यापलीकडे रजा मिळणे शक्य नाही, एवढे दोन मुद्दे धरून मी आज वहीत पहिले पान लिहिले. आमच्या कॉलनीतील आणखी दोन कुटुंबांना उन्हाळ्यात असाच प्रवास करायचा आहे, म्हणून चुकाही गाळायच्या नाहीत असे ठरवले आहे.

आम्ही चौघे : पती, मी, थोरली मुलगी बारा वर्षांची आणि धाकटा मुलगा आठ वर्षांचा. खर्चाची मर्यादा रु. १,१२,०००. नागपूरहून थेट परदेशी जाणारी विमाने मोजकीच आहेत. शारजाचे विमान पहाटेचे असल्याने दिवस वाया जात नाही, हे त्याचे मोठे सुख. पण चौघांचा व्हिसा आणि तिकिटे मिळूनच आजच्या दराने लाखाच्या जवळ जातात आणि हॉटेलचा खर्च त्यानंतर सुरू होतो. थायलंडने याच महिन्याच्या १० तारखेपासून भारतीयांना व्हिसाची अट काढली आहे, परंतु तेथे चौघांनाही पासपोर्ट लागणार आणि आमच्या घरात एकही चालू पासपोर्ट नाही. पतींचा गेल्या वर्षी संपला, माझा कधी काढलाच नव्हता. मोठ्यांचे प्रत्येकी दीड हजार आणि मुलांचे प्रत्येकी एक हजार, असे शुल्कच पाच हजार होते.

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, यांपैकी एक पुरते. पंधरा वर्षांखालील मुलांना छायाचित्र असलेले आधार कार्ड चालते. गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे सोनौलीहून बस हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे, पण त्यात तीन दिवस जाण्यातच संपतात. म्हणून नागपूर–दिल्ली–काठमांडू विमानाने, हे नक्की.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

तिकिटे काढली. नागपूर–दिल्ली २६ जानेवारीला सकाळी ७ वाजता, चौघांचे रु. १७,४००. दिल्ली–काठमांडू त्याच दिवशी १२.१५ वाजता, रविवार २८ तारखेच्या परतीसह, रु. ४५,६००. २८ तारखेला रात्री दिल्ली–नागपूर, रु. १८,४००. एकूण रु. ८१,४००. सलग एकाच तिकिटावर हाच प्रवास सुमारे नऊ हजारांनी महाग पडत होता, म्हणून वेगवेगळी तिकिटे काढली आणि नऊ हजार वाचवल्याचा आनंद रात्री जेवताना सांगितलाही. त्या आनंदाचे पुढे काय झाले ते १७ जानेवारीच्या नोंदीत आहे.

३ डिसेंबर, रविवार

आज सर्व कागद एका फाइलमध्ये लावायला बसले आणि दोन गोष्टी लक्षात आल्या.

पहिली माझी. माझे मतदार ओळखपत्र लग्नापूर्वीचे, अमरावतीच्या पत्त्यावर निघालेले. नागपूरला आल्यावर पत्ता बदलून घेतला; नाव बदलायचे मात्र राहिले. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स आणि विमानाचे तिकीट सासरच्या नावाने, मतदार ओळखपत्र माहेरच्या नावाने. वडिलांचे नाव, आडनाव, दोन्ही वेगळे. इतकी वर्षे याच कार्डावर मतदान केले, केंद्रावर कोणी हटकले नाही, म्हणून ते कधी खटकलेच नाही. विमान कंपनीला फोन केला तेव्हा समजले की स्पेलिंगमधील एखाद-दुसरे अक्षर दुरुस्त करून मिळते, संपूर्ण आडनाव बदलून मिळत नाही. तिकीट रद्द करून नवे काढावे लागते.

दुसरी धाकट्याची. त्याचे आधार कार्ड तो सहा महिन्यांचा असताना काढलेले आहे. त्यावर टोपडे घातलेले, डोळे मिटलेले बाळ आहे. पाचव्या वर्षी बोटांचे ठसे देऊन ते अद्ययावत करायचे असते, हे आम्ही साफ विसरलो होतो.

कुटुंब एकत्र प्रवास करत असेल आणि एका प्रौढाजवळ मान्य ओळखपत्र असेल, तर बाकीच्यांना छायाचित्राचा व नात्याचा अन्य पुरावा चालतो, असा नियम आहे आणि त्याची प्रत मी फाइलला लावली. परंतु काउंटरवरील माणसाला तो नियम ठाऊक असेलच, या भरवशावर दोन मुलांना घेऊन उभे राहण्याची माझी तयारी नाही.

४ ते २३ डिसेंबर

मतदार ओळखपत्रातील दुरुस्तीचा अर्ज, म्हणजे नमुना ८, ऑनलाइन भरला आणि विवाह प्रमाणपत्र जोडले. १६ तारखेला बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरी येऊन सही घेऊन गेले. मतदार याद्यांच्या पुनरीक्षणाचा कार्यक्रम चालू असल्याने अर्जांचा ढीग आहे, कार्ड छापून टपालाने येईल, कधी ते सांगता येत नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. त्यांचा सरळपणा उपयोगी पडला. नाहीतर मी जानेवारीपर्यंत टपालाची वाट पाहत बसले असते.

धाकट्याचे आधारचे काम दोन शनिवार खाऊन गेले. पहिल्या शनिवारी केंद्रातील यंत्र त्याच्या बोटांचे ठसे घेईना. चित्रकलेच्या वर्गातून थेट नेल्यामुळे बोटांवर तैलखडूचा थर होता. दुसऱ्या शनिवारी घरून साबणाने हात घासून नेले आणि पाच मिनिटांत काम झाले. शुल्क रु. १००.

२६ डिसेंबर, मंगळवार

मतदार कार्डाच्या अर्जाची स्थिती आजही जशीच्या तशी. माझ्यापुरता तत्काळ पासपोर्टचा अर्ज केला. नेहमीचे दीड हजार आणि तत्काळचे वरचे दोन हजार, मिळून रु. ३,५००. आधार, पॅन आणि लायसन्स, तिन्ही एकाच नावाने असल्यामुळे हा मार्ग मोकळा होता. पतींचे मतदार ओळखपत्र बिनचूक असल्याने त्यांच्यासाठी काहीच करावे लागले नाही.

८ जानेवारी २०२४, सोमवार

३ तारखेला पासपोर्ट सेवा केंद्रात दीड तासात काम झाले आणि आज स्पीड पोस्टाने पासपोर्ट हातात आला. पोलीस पडताळणी मागाहून होणार आहे. हाच अर्ज नोव्हेंबरमध्ये साध्या पद्धतीने केला असता तर दोन हजार वाचले असते.

थोरलीचे मात्र बिनसले आहे. शाळेच्या झेंडावंदनातील लेझीम पथकासाठी तिची निवड झाली आणि आपण २६ तारखेला गावात नसू, हे तिला वर्गात सांगावे लागले. वर्गशिक्षिकांना मी चिठ्ठी दिली आणि त्यांनी ती समजूतदारपणे घेतली; परंतु २६ जानेवारी ही नोकरदारांची जोडसुट्टी असली तरी मुलांच्या शाळेचा तो उपस्थितीचा दिवस असतो, हे तिकिटे काढताना माझ्या डोक्यात यायला हवे होते. थोरली दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलत आहे. या गोष्टीचा खर्च कोणत्या रकान्यात लिहावा ते कळत नाही.

१७ जानेवारी, बुधवार

दुपारी विमान कंपनीचा संदेश आला. दिल्ली–काठमांडू १२.१५ चे विमान रद्द. पर्याय म्हणून त्याच दिवशी सकाळी ७.४० चे किंवा २७ तारखेचे. कारण असे की प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी आणि त्याच्या सरावासाठी १९ ते २६ जानेवारी या काळात दिल्ली विमानतळावर सकाळी १०.२० पासून दुपारी १२.४५ पर्यंत एकही विमान उतरत वा उडत नाही. दिल्लीत राहणाऱ्या आतेभावाला सांगितले तर तो म्हणाला, "ताई, हे तर दरवर्षीच असतं, मला आधी विचारायचं नाही का?"

२७ तारखेला जाऊन २८ ला परतणे निरर्थक असल्यामुळे ७.४० चे विमान घेतले. ते बदलून देण्याचे पैसे पडले नाहीत, कारण बदल कंपनीने केला होता. पण नागपूर–दिल्लीचे तिकीट वेगळे असल्याने त्याच्याशी या कंपनीचा काही संबंध नव्हता. सकाळी सातला नागपुरातून निघणारे विमान आता निरुपयोगी. ते रद्द केले तेव्हा १७,४०० पैकी रु. ५,४०० परत मिळाले आणि बारा हजार बुडाले. २५ तारखेच्या संध्याकाळचे नवे तिकीट, आठ दिवसांवर आलेले असल्याने, चौघांचे रु. २४,८००. शिवाय दिल्लीत एक रात्र. नोव्हेंबरमध्ये वाचवलेले नऊ हजार असे व्याजासकट गेले. सलग तिकीट असते तर संपूर्ण प्रवास जुळवून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असती.

पतींनी रेल्वेचा मुद्दा काढला. नागपूर–दिल्ली गाड्या भरपूर आहेत आणि स्वस्तही. पण जानेवारीत उत्तरेच्या धुक्यात त्या किती तास मागे पडतील याचा नेम नसतो, आणि आम्हाला पहाटे पाचच्या आत विमानतळावर पोहोचायचे होते. याच महिन्यात १४ आणि १५ तारखेला दिल्लीच्या धुक्याने विमानांचाही बोजवारा उडाला होता. म्हणून पैसे सोडले आणि हातात एक रात्र ठेवली.

२२ जानेवारी, सोमवार

राज्यात सुट्टी जाहीर झाल्यामुळे सामान आजच बांधले. चौघांची प्रत्येकी सात किलोची एकेक पाठपिशवी, जमा करायचे सामान शून्य. वेगळ्या तिकिटांमुळे दिल्लीत सामान उतरवून पुन्हा जमा करावे लागते, ते टळले. काठमांडूत पहाटे पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो आणि आमच्या घरातील सगळे स्वेटर नागपूरच्या थंडीच्या हिशेबाचे. दोन जाड जॅकेटे शेजाऱ्यांकडून मागून आणली आणि ती अंगावरच घालून जायचे ठरवले.

पैशांचे : २०२४ मध्ये नेपाळमध्ये शंभरपेक्षा मोठी भारतीय नोट चालत नव्हती. शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून ठरलेला असल्याने पैसे बदलण्याची घाई करण्याचे कारण नाही. घाई शंभराच्या नोटा मिळवण्याची करावी. कॅशियरने शंभराची दोन बंडले दिली, त्यांतील एक जुन्या, चिकटपट्टी लावलेल्या नोटांचे. तेथे फाटकी नोट घेत नाहीत म्हणून धाकट्याला मोजायला बसवले. त्याने सतरा नोटा बाजूला काढल्या आणि प्रत्येक फाटक्या नोटेमागे एक रुपया मेहनताना मागितला.

२६ जानेवारी, शुक्रवार

काल रात्री दिल्लीला वेळेवर पोहोचलो. महिपालपूरच्या हॉटेलात चार तास झोप झाली, टॅक्सीसह रु. २,४०० गेले. पहाटे पावणेपाचला टर्मिनल ३ वर. काउंटरवरील मुलीने माझा पासपोर्ट, पतींचे मतदार ओळखपत्र आणि मुलांची आधार कार्डे पाहिली. मुलांचे जन्मदाखलेही मागितले. ते मूळ स्वरूपात बरोबर होते. आमच्या शेजारच्या रांगेतील एका गृहस्थांजवळ फक्त आधार होते आणि त्यांना बाजूला उभे केले होते. प्रौढांना ते चालत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

७.४० चे विमान धुक्यामुळे प्रथम ८.३० झाले, नंतर ९.१५. आत बसल्यावर विमान जागचे हलेना. १०.२० ला आकाश बंद होणार, हे आता आम्हा चौघांनाच नव्हे तर मागच्या-पुढच्या रांगांनाही ठाऊक होते, कारण धाकट्याने ते मोठ्याने सांगितले होते. त्याने वडिलांचे घड्याळ स्वतःच्या मनगटावर घेतले आणि दर मिनिटाला वेळ जाहीर करू लागला. ९.५० ला विमान हलले आणि पुन्हा थांबले. खिडकीबाहेर धावपट्टीच्या कडेचे दिवे दुधात टाकल्यासारखे अंधुक. थोरली, जी आठवडाभर गप्प होती, ती म्हणाली, "आता जर हे उडालं नाही ना, तर मी लेझीम पण गेली आणि नेपाळ पण गेलं, असं शाळेत सांगू का?" १०.०६ ला चाके जमिनीवरून सुटली.

त्रिभुवन विमानतळाला एकच धावपट्टी असल्यामुळे आम्ही बराच वेळ डोंगरांवर घिरट्या घातल्या. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे आहे. परतीच्या विमानाचा हिशेब करताना हे विसरू नये.

हॉटेल बौद्धनाथजवळ घेतले, चौघांची एक खोली, रात्रीचे २,८०० भारतीय रुपये. खोलीत उष्णतेची काहीच सोय नाही. हीटरचे दोन रात्रींचे वेगळे पाचशे रुपये मागितले, द्यावे लागले. गरम पाणी सौर यंत्रणेचे असल्याने सकाळी दहापूर्वी अंघोळ होत नाही.

दुपारी स्तूप पाहिला. सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट १०० नेपाळी रुपये, दहा वर्षांखालील मुलाला नाही. धाकटा स्तूपाभोवती एक पूर्ण फेरी मारून आला आणि विचारू लागला की आत जायचे दार कोठे आहे. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ असून आपण त्यात जाऊन बसतो, हेच त्याला माहीत. स्तूप भरीवही असतो हे त्याला नवे होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतल्यानंतर बाबासाहेब नोव्हेंबरमध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच शहरात आले होते, हे पतींनी मुलांना सांगितले. मग थोरलीने आपण होऊन दुसरी फेरी मारली.

मुलांचा सर्वांत स्वस्त विरंगुळा म्हणजे पाट्या वाचणे. परदेशात आलो आणि सगळे वाचता येते, याचे दोघांना फार नवल. "पसल" म्हणजे दुकान, हे पहिल्या दहा मिनिटांत समजले; "चिया पसल", म्हणजे चहाचे दुकान, हा शब्द आता घरी रुळणार असे दिसते.

२७ जानेवारी, शनिवार

आजची चूक संपूर्ण माझी. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते आणि रविवारी कचेऱ्या चालू असतात. मी आपल्या सवयीने रविवार टाळून शनिवारी गर्दीच्या जागा ठेवल्या. पशुपतिनाथाला सकाळी सव्वा तास रांग. पतींचा चामड्याचा पट्टा दाराशी काढून ठेवावा लागला आणि सैल झालेली पँट एका हाताने धरून त्यांनी दर्शन घेतले. नंतर चंद्रागिरीच्या केबल कारला पावणेदोन तास. वर पोहोचलो तेव्हा सुदैवाने ढग नव्हते. गणेश हिमाल आणि लांगटांगच्या रांगा स्वच्छ दिसल्या. दहा मिनिटे मुले काहीच बोलली नाहीत. आमच्या घरात ही लहान गोष्ट नव्हे.

पैशांची दुसरी फजिती रात्री झाली. शंभराच्या नोटा संपत आल्या आणि पर्समध्ये दिल्लीच्या टॅक्सीसाठी ठेवलेल्या पाचशेच्या अकरा नोटा तशाच पडून होत्या. हॉटेलने त्या हातातही घेतल्या नाहीत. एटीएममधून नेपाळी रुपये काढले आणि शुल्क भरले. त्या नोटा विमानतळावर येईपर्यंत निव्वळ कागद होत्या.

रस्त्यावर संत्री दिसली, तेथील भाषेत "सुन्तला". सालीपासून चटकन सुटणारी, लहान, गोड. नागपूरकरांनी जानेवारीत परगावी संत्री विकत घ्यावीत, ही थोडी लाजिरवाणी गोष्ट आहे, पण किलोभर संपली.

२८ जानेवारी, रविवार

स्वयंभूनाथ सकाळी लवकर. पायऱ्या ३६५, माकडे त्याहून जास्त. आज रविवार असल्याने गर्दी अगदीच थोडी होती आणि कालचा मनस्ताप पुन्हा आठवला. विमानतळावर अकराला पोहोचलो. सासऱ्यांसाठी घेतलेली वीतभर लांबीची शोभेची खुकुरी (वाकडा नेपाळी सुरा) तपासणीत काढून घेतली. जमा करायचे सामानच नसल्यामुळे ती ठेवायला जागा नव्हती. रु. ४८० गेले. विमानाच्या शिडीशी आणखी एकदा तपासणी झाली, तिला वेळ लागतो. दिल्लीत टर्मिनल बदलूनही मधले साडेचार तास पुरून उरले. रात्री साडेदहाला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरलो, मुले टॅक्सीतच झोपली.

३० जानेवारी, मंगळवार

हिशेब पूर्ण केला. विमानाची वापरलेली तिकिटे रु. ८८,८००, बुडालेली रु. १२,०००; पासपोर्ट आणि आधार रु. ३,६००, दिल्लीची रात्र रु. २,४००; काठमांडूचे हॉटेल हीटरसह रु. ६,१००, टॅक्सी आणि केबल कार रु. ९,३००, प्रवेश तिकिटे रु. ९५०, खाणे रु. ६,४००, खुकुरी, एटीएम शुल्क, खरेदी आणि किरकोळ रु. ३,४५०. एकूण रु. १,३३,०००. मर्यादेपेक्षा २१,००० जास्त. नागपूर–दिल्ली तिकिटाच्या घोळात रु. १९,४०० आणि कागदपत्रांत रु. ३,६०० गेले, म्हणजे जास्तीच्या रकमेहून दोन हजार अधिक. खाण्याराहण्यात आम्ही काटकसर केली नसती तरी फार फरक पडला नसता. शारजाचे थेट तिकीट याच रकमेत बसले असते, हे पतींनी एकदाच सांगितले.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दुरुस्त केलेले मतदार ओळखपत्र आज टपालाने आले. नाव बरोबर आहे. पोस्टमनने सही घेताना जुन्या नावाची ओळख विचारली नाही.

१५ मार्च, शुक्रवार

उन्हाळ्यात जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक भर. या महिन्यापासून नेपाळमधील दुकानांत तेथील फोनपे जाळ्याच्या क्यूआरवर भारतीय यूपीआयने पैसे देता येऊ लागले आहेत. ही आपल्याकडील त्याच उच्चाराची कंपनी नव्हे. दोघांची नावे केवळ ऐकायला सारखी आहेत. तरी टॅक्सी, देवळाबाहेरील चपलांची जागा आणि चहाच्या टपऱ्या यांच्यासाठी शंभराच्या नोटांचे एक बंडल बरोबर ठेवावे, आणि ते कॅशियरसमोरच मोजून घ्यावे.